अर्ध्या पोराचं शून्य

नाही, तुम्हीच सांगा, अर्धं म्हणजे शून्य असतं का हो कुठं? अर्धं केळं खाल्लं तर पोटात काय शून्य केळं जातं? मी अर्धा भोपळा म्बेगे प्यायलो, केळ्याची असली तरी शेवटी दारूच ती, तर माझी बायको काय म्हणेल, 'काही नाही हो, शून्य प्यायलात, चला चर्चला'? अहो, उंबऱ्यावरच वास घेते ती! पण ही जावा, कॉम्प्युटरची भाषा हो… हिला तुम्ही अर्धं द्या, गपकन गिळते आणि वर तोंड करून सांगते, शून्य! आणि त्या शून्यापायी, तुम्हाला सांगतो, माझ्या एकुलत्या एका मुलीच्या पाठवणीच्या दिवशी चारशे माणसांसमोर मी जो उभा राहिलोय ना… पण थांबा, असं मधूनच सांगून चालायचं नाही. आधी मी कॉम्प्युटरच्या क्लासला गेलोच कशाला, ते सांगतो. माझ्यासारखा माणूस, उभा जन्म किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशीच्या बाजारात पंपाचे वॉशर विकण्यात गेलेला, तो आपण होऊन जावा शिकायला जातो होय? मला ढकललं! कुणी? रुवाइची हेडमास्तरांनी!

रुवाइची नावाचे हे हेडमास्तर म्हणजे गॉडलिसनचे वडील, आणि गॉडलिसन म्हणजे माझा जावई, तेव्हा होणारा होता. मुलगा सोन्यासारखा, दार एस सलामला, आमच्या तोंडी नुसतं दार, तिथं नोकरीला, त्याच्याबद्दल माझा एक शब्द नाही. पण बाप! निवृत्त झाले, पण हातातला खडू काही सुटला नाही. तेही गणिताचे मास्तर. बोलणी करायला आले, आमच्या अवोकाडोखाली बसले, केळ्याचं सूप दोनदा मागून घेतलं, मुलीसाठी त्यांनी द्यायच्या गाई किती, बकऱ्या किती सगळं गोडीत ठरलं, आणि मी आपला भोळेपणानं म्हणालो, 'पाठवणीच्या जेवणाला आमच्याकडून बरेच लोक होतील बरं का.' तर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून हेडमास्तर म्हणतात, 'बरेच म्हणजे किती? आमच्याकडं सगळं कॉम्प्युटरवर असतं. तुम्ही लोक अजून बोटांवर मोजता का?'

तुम्ही लोक! आमच्याच अवोकाडोखाली बसून! तेही मी सोडून दिलं असतं हो, व्याह्याचं बोलणं आणि पावसाचं पाणी, अंगावरून जाऊ द्यावं. पण माझी एलिनामी तिथंच ट्रे घेऊन उभी होती. तिनं मान खाली घातली. ते मात्र माझ्या काळजाला लागलं. यांच्या घरात ही पोर जन्म काढणार, आणि पहिल्याच दिवशी बापापायी तिची मान खाली? मी ताडकन म्हणालो, 'बोटांवर? छे! मी स्वतः प्रोग्रॅम लिहितोय!' प्रोग्रॅम! अहो, तोवर प्रोग्रॅम म्हणजे लग्नात माइकवाला हातात धरतो तो कागद, एवढंच मला ठाऊक!

झालं, बोललो ते बोललो. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप आणि मी क्लासला. बस स्टँडजवळ लोखंडाच्या दुकानाच्या माथ्यावर क्लास, जिना असा की वर पोचेपर्यंत शिकायची इच्छा खालीच राहते. आणि टीचर कोण? मांका! आमच्या शेजारच्यांची मांका, जिच्या बाप्तिस्म्याला मी बकरी दिली होती, ती! आता आमच्याकडं लहानानं मोठ्याला 'शिकामू' म्हटल्याशिवाय पुढं बोलायचंच नाही, म्हणजे तुमचे पाय धरते म्हणायचं, आणि मोठ्यानं 'माराहाबा' म्हणून ते मानानं घ्यायचं. त्यामुळं काय व्हायचं, मला ओरडायच्या आधी तिला पाया पडावं लागायचं!

'शिकामू, बाबा.'

'माराहाबा, टीचर.'

'बाबा, हा काय गाढवपणा लिहिलाय?'

तरी म्हटलं, चला, संस्कार आहेत पोरीवर.

तर पहिला प्रोग्रॅम. सोपं होतं हो डोक्यात! एकेक निमंत्रणाचं कार्ड घ्यायचं, त्यावर माणसं किती ते बघायचं, एकूणमध्ये मिळवायची, पुढचं कार्ड. लूप म्हणतात त्याला, आपला घाण्याचा बैल, गोल गोल. मी महिरपी कंस उघडला, आत लिहिलं, एकूण बरोबर शून्य, मग मिळवणी केली, कंस बंद. आणि कंसाच्या बाहेर येऊन रुबाबात म्हटलं, आता दाखव एकूण! तर आत तो एक कंपायलर बसलेला असतो. तुम्ही लिहिलेलं आधी तो वाचतो, पसंत पडलं तर पुढं सोडतो. कचेरीतल्या खिडकीमागं बसतो ना एकेक, वर मान करून न बघणारा, तस्सा! म्हणतो, 'एकूण? कोण एकूण? या नावाचं इथं कुणी राहत नाही.' अरे, राहत नाही काय? आत्ता वरच्या ओळीत होता! 'सापडत नाही. पुढचा!'

टीचर मांका आली, शिकामू झालं, माराहाबा झालं, आणि म्हणाली, 'बाबा, तुमचा एकूण कंसाच्या आत जन्मला. कंसात जन्मलं ते कंसातच मेलं. बाहेर त्याला कुणी ओळखत नाही. याला स्कोप म्हणतात.'

कंसात जन्मलं ते कंसातच मेलं! बाविशीतली पोर, आणि बोलते अशी की मयताला भाषण करतेय!

बरं, मीही काही कमी नाही. मी काय केलं, सगळ्यात वर, अगदी माथ्यावर, सगळ्या कंसांना दिसेल असा आणखी एक एकूण लिहिला. आतला तसाच ठेवला, म्हटलं राहू दे बिचारा, जुना माणूस. खिडकीतला बाबू गप्प. मी खूश! चालवला. उत्तर काय? एकूण ताटं, शून्य! चारशे पाहुणे आणि ताटं शून्य! म्हटलं, हे पाठवणीचं जेवण आहे का उपवासाची प्रार्थना?

मांकानं कपाळाला हात लावला. म्हणाली, 'बाबा, तुमच्या घरात एलिनामी किती?'

म्हटलं, 'दोन. माझी आई, आणि तिचंच नाव ठेवलेली माझी मुलगी.'

'स्वयंपाकघरात उभं राहून एलिनामी अशी हाक मारलीत, तर ओ कोण देतं?'

'मुलगी. ती तिथंच असते.'

'आणि आजी?'

'आजी अंगणात ऊन खात बसलेली. तिला कुठलं ऐकू जातंय!'

'तेच झालंय. नाव एक, माणसं दोन. तुम्ही आतल्या कंसातून हाक मारलीत, आतल्यानं ओ दिली, सगळी ताटं त्यानं घेतली, आणि फेरी संपली की तो मेला. पुढच्या फेरीला पुन्हा जन्मला, पुन्हा शून्यापासून. बाहेरची आजी बसलीय तशीच उपाशी!'

आता हे कळलं! आईची आण, लख्ख कळलं. आतलं नाव खोडलं आणि आजी जेवायला लागली. आणि जिना उतरताना मला वाटलं, अरे, हे तर आपण जन्मभर जगतोय! घरात मी बाबा एलिनामी, मुलीच्या नावानं ओळखतात ना आमच्याकडं बापाला, तसा. बाजारात मी 'वॉशर'. चर्चमध्ये आडनावानं, तारिमो बंधू. आणि आईच्या अंगणात, केस पांढरे झाले तरी, मी 'शेंबड्या'. पण बाजारात कुणी मला शेंबड्या म्हणून हाक मारू दे बघू! कोण ओ देईल? कुणी नाही! कंसात जन्मलं ते कंसातच मेलं. ही देवाची कृपा आहे, तुम्हाला सांगतो, म्हणून तर माणूस चारचौघांत ताठ मानेनं फिरतो.

पण घरी पोचेपर्यंत दुसराच किडा डोक्यात शिरला. एलिनामीही माझ्याच कंसात जन्मली की. उद्या ती कंसाबाहेर गेली, दारला, दुसऱ्यांच्या घरात, तर…? दुसऱ्या दिवशी टीचरला विचारलंच. म्हटलं, 'काय गं, कंसातलं काही जिवंत बाहेर नेता येतच नाही का?' ती म्हणाली, 'येतं की बाबा! रिटर्न करायचं!' म्हटलं, 'गप बस! आमच्यात मुलगी रिटर्न आली तर हेडमास्तर गाई परत न्यायला ट्रक घेऊन येतील!' पोरं हसली. मीही हसलो. पण बोटांनी एकूणऐवजी एलिनामी लिहून ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू.

असो. तर माणसं मोजून झाली. राहिली पोरं.

शहरातले लोक कार्डावर सरळ छापतात, लहान मुलांना आणू नये. मीही तेच छापणार होतो, तर माझी थोरली बहीण कुंदाएली, आमच्या घराण्यातल्या जेवणाच्या समितीची आजन्म अध्यक्ष, ती अंगावर आली. 'पोरं नकोत? हे पाठवणीचं घर आहे का दवाखाना? आपल्या मारांगू गावात पोरांशिवाय कधी जेवण झालंय?' म्हटलं, 'बरं बाई, येऊ देत.' आता आमच्याकडं दोन पोरांत एक ताट, ही रीतच आहे, समोरासमोर बसवायची आणि मध्ये ताट. म्हणजे एक पोर किती? अर्धं! मी लिहिलं, पोर आलं की एकूणमध्ये अर्धं मिळव.

खिडकीतला बाबू पुन्हा उठला! 'साहेब, तुमचं एकूणचं भांडं इंटचं आहे. इंटमध्ये अख्खे आकडे बसतात. तुम्ही त्यात अर्धं ओतताय, ते डबल जातीचं. सांडेल. नुकसान होईल.' मी म्हटलं, अरे, तुझ्या बापाचं नुकसान आहे का? लग्न माझ्या घरचं! पण ऐकतोय कशाला. मी टीचरला हाक मारली. ती पलीकडं दुसऱ्या कुणाचा गाढवपणा निस्तरत होती, तिथूनच ओरडली, 'बाबा, त्याच्या आधी कंसात इंट लिहा. त्याला कास्टिंग म्हणतात. म्हणजे सांडलं तर जबाबदारी माझी, असं तुम्ही त्याला लिहून देता.'

एवढंच? अहो, लग्नघरात जबाबदारी माझी असं मी उठता-बसता म्हणतो! तंबू? माझी. बँड? माझी. पाऊस आला तर? माझी! दिलं लिहून. बाबू असा गप्प झाला, असा गप्प झाला, की मला त्याची दया आली. टीचर म्हणाली, 'पण बाबा, नक्की काय सांडतंय ते…' आणि वीज गेली. खट्! सगळ्या मशिनी काळ्या. क्लास सुटला. ते वाक्य तिथंच राहिलं. आता तुम्ही सांगा, यात माझा काय दोष? वीज मंडळाला विचारा!

दुसऱ्या दिवशी आम्ही चार मोठी माणसं घालून तपासलं. उत्तर चार. म्हटलं, वा! मग सगळी यादी घातली. उत्तर चारशे बारा. कसा भरदार आकडा! बघूनच पोट भरावं. तो कागद छापून मी खिशात घातला आणि स्वयंपाकाचं कंत्राट घेतलेल्या मेरीस्टेलाकडं गेलो. ती आडव्या अंगाची बाई, हातात हा एवढा डाव, कागद उलटा धरून बघते, सुलटा धरून बघते. 'बाबा एलिनामी, यात पोरं धरलीत?' म्हटलं, 'धरलीत! अर्धी-अर्धी धरलीत!' 'थोडं वर करून ठेवू का?' 'एक ताट वर करायचं नाही! मशीनचा आकडा आहे. एक जरी ताट उरलं तर हेडमास्तर म्हणतील, बोटांवर मोजलं!' कुंदाएलीनंही विचारलं, 'पोरं धरलीस ना रे?' म्हटलं, 'अगं धरलीत, अर्धी-अर्धी धरलीत!' अख्ख्या मारांगूला मी ओरडून सांगितलं, धरलीत म्हणून!

उजाडला तो दिवस. काय थाट, काय थाट! केळीच्या बागेत तंबू, एलिनामी निळ्या झग्यात, बघून मला दोनदा बाहेर जाऊन नाक शिंकरावं लागलं. हेडमास्तर सूटमध्ये, खिशाला तीन पेनं. दारहून आलेली वऱ्हाडी मंडळी भुकेली, भाषणं लांबलेली, म्हणून माइकवाल्यानं आयत्या वेळी क्रम बदलला, आधी जेवण, मग बकरा. बकरा म्हणजे आमचा न्दाफू! अख्खा भाजलेला, परातीत चारही पायांवर उभा, गळ्यात हार, तोंडात हिरवा पाला, जसा काही आत्ताच चरून आलाय. तो नाचत-वाजवत आणायचा, मुलीनं कापायचा, आणि पहिला घास सासू-सासऱ्यांना द्यायचा. त्याच्याशिवाय पाठवणी नाही. तो मागं केळीच्या आडोशाला झाकून ठेवला होता.

जेवण सुरू झालं. पुलाव, केळी-मटण, कचुंबर, सगळं मापात! मी हेडमास्तरांच्या शेजारी छाती काढून उभा. म्हटलं, 'मास्तर, ताट बघा. ना कमी, ना जास्त. प्रोग्रॅम!' त्यांनी मान हलवली हो! त्या माणसानं! एलिनामीनं लांबून बघितलं आणि हसली. मला वाटलं, झालं, जन्माचं सार्थक झालं, आता देवानं नेलं तरी चालेल.

शेवटचा मोठा माणूस वाढून घेऊन गेला, आणि मेरीस्टेलाचा डाव पातेल्याच्या बुडाला वाजला. खण्ण! आणि समोर ओळीनं उभी दोनशे पोरं.

बुडाला वाजलेला डाव तुम्ही कधी ऐकलाय? चर्चची घंटा नाही एवढी लांब ऐकू जात. मेरीस्टेला माझ्याकडं बघते, कुंदाएली माझ्याकडं बघते, मी कागदाकडं बघतो. कागद म्हणतो, चारशे बारा. मी म्हटलं, 'असं कसं? अर्धी-अर्धी धरलीत!' कुंदाएली म्हणाली, 'मग अर्ध्या-अर्ध्या पोटी तरी वाढ!' धावाधाव! कुणी केळी शोधतंय, कुणी दुकानात पाव आणायला पळालं, सगळं गुपचूप बरं का, हेडमास्तरांना कळता कामा नये. आणि या गडबडीत पोरं कुठं गेली, हे बघायचं भान कुणाला? मी म्हटलं, शहाणी आहेत, खेळायला गेली.

आता बकरा आणायची वेळ झाली. मी मागं गेलो. केळीचं पान बाजूला सारलं… आणि बघतो तर काय! परातीभोवती पोरंच पोरं! तोंडं चकचकीत, हात कोपरापर्यंत चकचकीत, एकाच्या हातात अख्खी फरी! मला बघितलं आणि सगळी उठून उभी राहिली, आणि भरल्या तोंडानं, एका सुरात काय म्हणाली?

'शिकामू, बाबा!'

आता बोला! मोठ्यानं काय करायचं असतं? रीत आहे! हात उगारलेला होता, पण आधी म्हणावं लागलं, 'माराहाबा!' आणि एकदा माराहाबा म्हटलं की मारता येतं होय?

पण शहाणी पोरं हो. केळीकडच्या बाजूनंच खाल्ला होता. एक बाजू सोन्यासारखी, खरपूस, आणि दुसरी… नुसत्या फासळ्या, आरपार उजेड दिसत होता. तोंडातला पाला मात्र जसाच्या तसा. चार जवान पोरांना मी म्हटलं, 'चांगली बाजू पाहुण्यांकडं, वाईट बाजू तंबूच्या कापडाकडं, आणि जन्मात वळू नका!' बँड वाजला. निघाले नाचत. बायकांनी किलकाऱ्या मारल्या. सगळं निभावलं होतं हो, निभावलंच होतं… आणि तो माइकवाला, ज्याला मी पैसे देऊन आणला, तो ओरडला, 'फिरवा! चारही बाजूंनी दाखवा! व्याह्यांना बघू दे!'

त्या चौघांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळे मिटले. फिरवला.

बँड एकेक वाद्य करून थांबला. शेवटी एक ढोल वाजत राहिला, त्यालाही कुणीतरी कोपरानं ढोसलं. हेडमास्तर उठले. चष्मा पुसला, पुन्हा घातला, फासळ्यांतून पलीकडं बघितलं. पलीकडं मी होतो. म्हणाले, 'हे काय आहे?'

आणि एलिनामी सुरी हातात घेऊन माझ्याजवळ आली, आणि हळूच म्हणाली, 'बाबा, पोरं जेवली नव्हती का?' खोटं बोलता आलं असतं. माकडांवर ढकललं असतं. पण तिच्याकडं बघून जीभ वळेना. माइक घेतला. म्हटलं, 'मास्तर, बकरा पोरांनी खाल्ला. पोरांचा दोष नाही. माझा आहे.' ते अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाले, 'समजावून सांगा.'

म्हटलं, 'आमच्याकडं दोन पोरांत एक ताट. म्हणजे एक पोर अर्धं. दोनशे अर्धी आधी मिळवायची आणि मग भांड्यात ओतायची, तर शंभर ताटं झाली असती. मी काय केलं? मिळवायच्या आधीच एकेका पोराला अख्ख्या आकड्यात कोंबलं. अख्ख्यात अर्धं बसत नाही, अख्ख्याच्या पुढचं सगळं सांडतं. उरलं शून्य. मग शून्यात शून्य, शून्यात शून्य, दोनशे वेळा. मशीन चुकली नाही मास्तर. तिनं विचारलं होतं, नुकसान होईल, चालेल का? मीच लिहून दिलं, चालेल.' आणि गंमत सांगू? तिथं, हातात माइक, शेजारी हाडं, समोर व्याही, अशा जागी मला पहिल्यांदा जावा कळली! मागून मांका ओरडली, 'शिकामू, बाबा! बरोबर! आधी बेरीज, मग कास्टिंग! हेच सांगत होते, वीज गेली!' आता सांगून काय उपयोग, बाई?

हेडमास्तरांनी खिशातलं एक पेन काढलं, पुन्हा खोवलं. आणि मग, तुम्हाला सांगतो, माझी एलिनामी हसायला लागली. मान खाली घालून नाही, मान वर करून, अशी खळखळून हसली की झग्याची शिवण उसवते की काय! आणि हसत-हसतच बकऱ्याच्या चांगल्या बाजूला गेली, हा एवढा मोठा तुकडा कापला, सासऱ्यांसमोर गुडघे टेकले आणि म्हणाली, 'शिकामू. आमच्या घरी पोरं आधी जेवतात. ही बाजू तुमची.'

हेडमास्तरांनी तुकडा तोंडात घातला. चावला. बराच वेळ चावला. मग एका पोराकडं वळून विचारलं, 'पलीकडची बाजू कशी होती रे?' ते म्हणालं, 'शिकामू, मास्तर! मऊ होती!' आणि हेडमास्तर हसले! तीन पेनं हलेपर्यंत हसले! एलिनामीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकसमोर म्हणाले, 'पोरी, आमच्या घरात तुला कुणी अर्धी धरणार नाही. धरली तर आधी मला सांगायचं.' मी बाहेर जाऊन तिसऱ्यांदा नाक शिंकरलं. मला तेवढंच हवं होतं हो. वॉशरचं दुकान विकून मिळालं नसतं ते.

पण मास्तर शेवटी मास्तर! मी आत आलो तर शेजारची खुर्ची थोपटून, माइक अजून तोंडाशीच, म्हणतात कसे, 'या, या, बसा… बाबा सिफुरी!'

सिफुरी म्हणजे शून्य. चारशे माणसं आणि दोनशे पोरं एकदम हसली, आणि तिथंच बारसं झालं.

मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, तंबूतलं नाव आहे, तंबूतच राहील. कंसात जन्मलं ते कंसातच मेलं! दुसऱ्या दिवशी तंबू उतरवला. नाव राहिलं! बाजारात गेलो, क्लासचं प्रमाणपत्र मिळालंय मला, दुकानात मधोमध टांगलंय, पण गिऱ्हाईक त्याच्याकडं बघत नाही. म्हणतं, 'बाबा सिफुरी, अर्ध्या इंचाचा वॉशर द्या. नाहीतर द्याल शून्य इंचाचा!' चर्चमध्ये पाद्रीबुवा म्हणतात, 'आता सिफुरी बंधू प्रार्थना करतील.' बसचा कंडक्टर, ज्याला मी जन्मात पाहिला नाही, तो म्हणतो, 'चला, सिफुरी, चढा!' आईच्या अंगणात गेलो, म्हटलं तिथं तरी मी शेंबड्या असेन, तर म्हातारीला एरवी बंदूक वाजलेली ऐकू येत नाही, पण हे बरोब्बर ऐकू आलं! टीचर मांकाला विचारलं, हे असं कसं? ती म्हणाली, 'शिकामू, बाबा. ते नाव माइकवर जाहीर झालं, सगळ्या कंसांच्या बाहेर. आता ते सगळीकडं चालतं.'

परवा संध्याकाळी आम्ही नवरा-बायको जेवायला बसलो होतो, घर कसं रिकामं रिकामं, दोनच ताटांचा आवाज. फोन वाजला. दारहून. मी उचलला, तर पलीकडून एक आवाज, अगदी गंभीर, कचेरीतल्यासारखा, 'बाबा सिफुरी आहेत का घरात?'

आवाज एलिनामीचा होता.

काय करणार? म्हटलं, 'आहेत गं. बोल.'